जीपची खांदमळणी

नवऱ्याने भंगारवाल्याला शब्द दिला तेव्हा मी वांग्यांत होते. पाटी भरून घरी आले, तर अंगणातल्या बाजेवर बसल्या बसल्या ते म्हणाले, "सोमवारी येऊन राह्यला तो. जीप घेऊन जाईल." घरातल्या मिरच्या संपल्यात, असं सांगावं तशा सुरात. मी पाटी दाणकन खाली ठेवली. दोन-चार वांगी गडगडत बाजेखाली गेली. ती त्यांना दिसली नाहीत, आणि माझा राग क्षणभर अडखळला. पण गेला नाही. माझी सासू म्हणायची, हिचा राग पाहुणा म्हणून येत नाही, बिऱ्हाड घेऊनच येतो.

"मले इचारलं काऊन नाई?"

"इचारून काय करू? चालवनार कोन हाय?"

"मी."

त्यावर ते हसले असते तरी चाललं असतं. हसले नाहीत, नुसती मान फिरवली.

काचबिंदूने ह्यांची नजर कडेकडेने खाल्ली होती. आधी रस्त्याच्या बाजूची माणसं दिसेनाशी झाली, मग बांधावरची गुरं, मग समोरून येणाऱ्या ट्रकची एक बाजू. आदिलाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरली तेवढी जपा. समोरचं थोडंफार, नळीतून पाहावं तसं, अजून दिसायचं. उन्हात तेही नाही. त्या दिवसापासून जीप गोठ्यात उभी राहिली ती पावसाळाभर उभीच राहिली. मागच्या चाकांचे ब्रेक ओलीने धरले. ढकलून पाहिली, तर मागची चाकं फिरायच्या ऐवजी जमीन खरवडत येत होती.

आता या जीपवर माझं काय अडलं होतं, ते सांगते. आमचं वावर गुडीहत्नूरच्या हमरस्त्यापासून बरंच आत आहे. विहिरीजवळच्या तुकड्यात मी वांगी, भेंडी, टमाटे, सांबार करते. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. हा माल उजाडायच्या आत आदिलाबादच्या बाजारात गेला तर माल, नाहीतर गुरांचा चारा. बसवाला पाट्या घेत नाही आणि ऑटोवाला स्वतःच्या सोयीने उठतो. जीप गेली की भाजी बंद, आणि भाजी बंद झाली की वावर बटईने कापसाला द्यायचं, हे ह्यांनी मनात ठरवूनही टाकलं होतं. मग मी काय करायचं? घरात बसायचं आणि कापसाची पऱ्हाटी कशी वाढते ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं. बाजारात मला माझ्या वांग्यांवरून ओळखतात, आणि मला ते फार आवडतं. ते सोडायची माझी तयारी नव्हती.

लायसन मी मुलीच्या लग्नानंतर काढलं होतं, हट्टाने. तेव्हा ह्यांनीच वावरात शिकवलं आणि शिकवताना एवढं ओरडले की शेजारच्या धुऱ्या-बांधावरचे लोक काम सोडून पाहत बसायचे. पण हमरस्त्यावर त्यांनी मला कधी चालवू दिली नाही. मंचेरियलला दिलेली आमची मुलगी फोनवर म्हणाली, "माय, बाबाच्या मनासारखं होऊ दे ना." मी म्हटलं, तुझ्या बाबाच्या मनात काय आहे ते त्यांनाही धड ठाऊक नाही.

त्या संध्याकाळी जेवताना ते ठाऊक झालं. भाकरी मोडता मोडता ते खाली पाहत म्हणाले, "तू चालवशीन, अन् मी बाजूले बसून जाईन. गोनीसारखा. लोकं पाह्यतीन."

मला वाईट वाटलं आणि चीडही आली. दोन्ही एकदम आलं की माझ्या तोंडून धड काही निघत नाही. मी म्हटलं, "सोमवारच्या आत ब्रेक मोकळे करतो. मंग सांगा त्याले, न्यायची का नाई ते." आमच्याकडे बायाही बोलताना 'करतो' म्हणतात. त्यांनी ताट सरकवलं, हात धुतला आणि अबोला धरला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असा हा माणूस. मीही त्याच सुंभाची, नाहीतर इतकी वर्षं निभलं नसतं.

ब्रेक मोकळे करायचे तर मागची चाकं उतरवायला हवीत. पुढच्या चाकांचे नट पंक्चरच्या निमित्ताने अधूनमधून उघडले जात, म्हणून ते मोकळे होते. मागच्या चाकांना मात्र बरीच वर्षं पंक्चरच झालं नव्हतं. तेव्हा आम्ही ते नशीब समजत होतो. आता पाना लावला तर नट ढिम्म हलेना. पान्यावर पाय देऊन उभी राहिले. आमच्या घरात वजनाने मी काही कमी नाही, तरी नाही. मग पान्याला विहिरीच्या मोटरीचा जुना लोखंडी पाइप अडकवला आणि लांबून जोर केला. कट्ट आवाज आला. मला वाटलं, सुटला. पाहते तर नटासकट बोल्टचा तुकडा माझ्या हातात.

बाजेवरून ह्यांनी तो आवाज ऐकला. ऐकला हे मला कळलं, कारण त्यांनी कूस बदलली.

एक बोल्ट गेल्यावर मला अक्कल आली. जोर करून भागणार नाही, दम धरायला हवा. जीपच्या खालची बाजू गंजलेली होतीच. आम्ही मागे युरियाच्या गोण्या वाहायचो, फाटक्या गोणीतले दाणे फटीत सांडायचे, पाण्याने विरघळायचे आणि लोखंड खायचे. म्हणून मी धरून चालले की नटही गंजानेच जाम आहेत. तारेच्या ब्रशने घासले, डिझेल सोडलं, हातोडीने हळूहळू ठोकलं, परत डिझेल. गंजाला डिझेल सोडलं की तो ते पितो, लाल पाणी गाळतो, हे मी मोटरीच्या बोल्टवर पाहिलेलं होतं. इथे काहीच पीत नव्हतं. डिझेल वरूनच ओघळून जायचं. नटाच्या भोवती तपकिरी, चकचकीत, कडक असं काहीतरी होतं. नखाने खरवडलं तर नख मोडलं.

गुडीहत्नूरच्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने बसून पाहिलं, उठून पाहिलं आणि म्हणाला, "वैनी, गॅसनं कापून टाकू सारे. नवे बोल्ट टाकू."

"नवे कधी येतीन?"

"या गाडीचे? आदिलाबादले भेटले तं भेटले, नाई तं नागपूर. आठ-दहा रोज धरा."

सोमवार तर तोंडावर आला होता. कापलेली, चाकं उतरवलेली जीप म्हणजे भंगारवाल्याचं अर्धं काम आपणच करून ठेवण्यासारखं. मी म्हटलं, कापायचं नाही. तो म्हणाला, मग तापवून पाहा. नट तापवा, बोल्ट नाही, थोडा निवू द्या आणि मग हात लावा. त्याची लहान गॅसची बत्ती माझ्या हवाली करून तो गेला. जाताना बाजेकडे पाहून हळूच म्हणाला, "दादा काई बोलून नाई राह्यले?" मी म्हटलं, त्यांचं मौनव्रत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं निवळल्यावर मी बत्ती पेटवली. निळी ज्योत सूं करत निघाली. ती चाकाजवळ नेणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"टायरची हवा सोड आधी."

चार दिवसांचा घसा होता, खरखरीत. मी वळून पाहिलं. ते बाजेवर उठून बसले होते, तोंड माझ्या दिशेने.

"हवा भरून असली अन् तापलं तं टायर फुटते. तोंडावर येते." मग थोडं थांबून म्हणाले, "अन् ब्रेकच्या नळीवर ओलं पोतं टाक."

मी बत्ती विझवली. हवा सोडली, पोतं भिजवून टाकलं. बत्ती परत पेटवायला मला जरा वेळ लागला. टायर माझ्या तोंडावर फुटला असता तर, या विचाराने नव्हे. त्या माणसाला जीप नको होती, पण माझं तोंड शाबूत हवं होतं, म्हणून. एवढं कळायला मला चार दिवस आणि एक बोल्ट लागला.

पहिला नट तापू लागला. तो तपकिरी थर आधी चमकला, मग फुगला, मग धुरकटला. आणि एक वास आला. चटणीसाठी तव्यावर जवस भाजताना लक्ष चुकलं की येतो तो, करपट, तेलकट वास. मला वाटलं चुलीवर काही राहिलं. चूल तर विझलेली होती.

"जवस," हे म्हणाले.

दोघांनाही एकाच क्षणी कळलं.

त्याचं असं आहे. सासरे होते तेव्हा आमच्याकडे बैलजोडी होती. ती विकून ही जीप आली, तीही दुसऱ्याने वापरलेली. बैल गेले तरी सासूने पोळा सोडला नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे ऊन पाण्याने शेकायचे, पळसाच्या पानाने हळद-तूप चोळायचं आणि बैलाच्या कानात आवतण द्यायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. सासूने ठरवलं, आता आपलं ओझं जीप वाहते, तर तिचे खांदे मळायचे. जीपचे खांदे कुठले? यावर त्या वर्षी घरात बरीच चर्चा झाली. शेवटी सगळा भार मागच्या चाकांवर येतो, म्हणून मागच्या चाकांच्या बोल्टना मान मिळाला. पहिल्या वर्षी तूप चोळलं. तुपाच्या वासाने उंदीर आले आणि गाडीच्या वायरी कुरतडून गेले. तेव्हापासून तुपाच्या जागी घरच्या जवसाचं तेल. सासू गेल्यावर ही खांदमळणी ह्यांनी कधी चुकवली नाही. ऊन पाणी, हळद, तेल, एकेक नट पानाने चोळून, आणि मग बॉनेटजवळ वाकून आवतण. मी दारात उभी राहून पाहायची. जीपशी बोलताना त्यांचा आवाज जसा व्हायचा तसा माझ्याशी बोलताना क्वचित झाला असेल, आणि त्याचा मला हेवा वाटायचा, हेही सांगून टाकते.

जवसाचं तेल सुकतं. दाराच्या चौकटीला म्हणून तर लावतात, सुकून त्याचा कडक पापुद्रा होतो. लाकडाला ते बरं. बोल्टच्या आट्यांत गेलं, वर्षावर वर्षं थर बसले, की नट आणि बोल्ट एकमेकांना चिकटून जातात. तूप असतं तर एवढं झालं नसतं. पण आमच्याकडे उंदीर होते.

ते बाजेवरून उठले. हाताने खांब चाचपत, मग जीपची बाजू चाचपत चाकापाशी आले आणि उकिडवे बसले. निवलेल्या नटावरचा काळा थर बोटाने खरवडला आणि बोट नाकाशी नेलं.

"मीच बांधून ठेवली वं तिले," म्हणाले.

एरवी मी अशी संधी सोडत नाही. पण त्या वेळी त्यांचा चेहरा माझ्या एवढा जवळ होता की ती सोडली. मी पाना लावला. पाव फेरा हलला. मागे घेतला, परत पुढे, थोडा थोडा, कुरकुर करत नट निघून आला. आटे पुसले आणि त्यांचं बोट धरून त्यावर फिरवलं. आट्यांना खड्डा नव्हता, कुठे गंज नव्हता. तेलाने धरून ठेवलं होतं, पण गंज आत येऊ दिला नव्हता.

"पाहा, नव्यासारखे हायेत," मी म्हटलं. "तुमच्या पूजेनं राखले. फकत सोडाले तयार नव्हते." मी जीपबद्दलच बोलत होते. पण त्यांनी ज्या तऱ्हेने बोट मागे घेतलं त्यावरून मला वाटलं, त्यांनी ते स्वतःकडे घेतलं.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून कामाला हात घातला. मी तापवायची, ते निवला का ते हाताच्या पाठीने जोखायचे. मी पाना धरायची, ते आवाजावरून म्हणायचे, "थांब, तुटन. मागं घे." मोडलेला सोडून एकही बोल्ट मोडला नाही. चाकं उतरली, लाकडी ठोकळ्याने चहूकडून ठोकून ड्रम निघाले, आत ब्रेकचे पट्टे ड्रमला चिकटून बसले होते ते घासून साफ केले. ब्रेकच्या नळीचा लहान नट मात्र खरोखर गंजला होता, युरियाने खाल्लेला. त्याला जवस मिळाला नव्हता. तिथे जाळ चालत नाही, म्हणून डिझेल आणि दम. तो डिझेल प्याला, लाल पाणी गाळलं आणि दुसऱ्या दिवशी निमूट सुटला.

मग सगळं परत बसवायचं आलं. मला घाई झाली होती, मी नट घेतला आणि सरळ पाना लावायला निघाले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"तशी नोको. आटे ब्रशनं साफ कर. मंग बोटानं फिरव. बोटानं जाते तवरोक पाना लावाचा नाई. वाकडा बसला तं जलमभर वाकडा राह्यते."

प्रत्येक बोल्ट त्यांनी आपल्या हाताने तपासला. तेल नको म्हणाले, कुठलंच खायचं तेल नको. आट्यांवर ग्रीसचा पातळ हात, एवढा पातळ की बोटाला चिकटेल पण लोंबणार नाही. नट जिथे टेकतो ती जागा कोरडी. आणि आवळायचे समोरासमोरचे, एका बाजूने ओळीने नाही. पाइप लावून आवळायचं नाव काढायचं नाही. "आज दात खाऊन आवळशीन, तं उद्या उघडाले तुलेच लागन," म्हणाले.

मी ऐकत होते, आणि मनात एकच गोष्ट फिरत होती. भंगारात जाणाऱ्या गाडीच्या बोल्टला कोणी ग्रीस लावतं का? उद्या ती कोण उघडणार? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी ग्रीसचा डबा खाली ठेवला असता, इतकं मी त्यांना ओळखते. आशा वाटायला लागली की मला भीती वाटते.

ब्रेकच्या नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पायाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने खाली चाकापाशी बसून बूच सोडायचं. ते चाचपत वर चढले आणि स्टिअरिंगमागे बसले. पावसाळ्याच्या आधीपासून ते तिथे बसले नव्हते. मी खालून म्हणायची, दाबा. ते म्हणायचे, दाबला. धरा. धरला. सोडा. बुडबुडे निघत राहिले आणि शेवटी नुसतं तेल आलं. ब्रेक कडक झाला. "झालं," मी म्हटलं. ते उतरले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर पाहत बसून राहिले. मी हत्यारं गोळा करायच्या निमित्ताने खालीच थांबले. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. मग त्यांच्या उतरण्याचा आवाज झाला, आणि पाठोपाठ दार लावल्याचा. दार त्यांनी हळू लावलं.

सोमवारी उन्हं वर आली तसा भंगारवाल्याचा टेम्पो अंगणात शिरला. जीप अजून चालवून पाहिलेली नव्हती. मी उजव्या मागच्या चाकाचे नट शेवटचे आवळत होते, बाजूला हे उभे होते. भंगारवाला उतरला, जीपला फेरी मारली आणि चाकं पाहून बुचकळ्यात पडला. म्हणाला, "दादा, ये तो खड़ी थी ना? पहिये काहे को बिठा दिए?"

"गाडी इकायची नाई," हे म्हणाले.

माझ्या हातातला पाना थांबला.

भंगारवाला वाईट माणूस नव्हता, पण त्याची खेप वाया गेली होती. तो म्हणाला, "शब्द दिया था आपने. और चलाएगा कौन? आपको तो दिखता नहीं."

मला त्या माणसावर पाना फेकून मारावासा वाटला. ह्यांचा चेहरा मला पाहवेना, म्हणून मी ग्रीसचा डबा उचलायच्या निमित्ताने उठून जीपच्या पलीकडच्या बाजूला गेले. मग ह्यांचा आवाज आला. अबोल्याचा नव्हता, खांदमळणीचा होता.

"ही चालवते," त्यांनी सांगितलं. "आदिलाबादच्या बाजारापावतर. मी बाजूले बसतो."

आणि त्यांनी हात लांब करून मला दाखवलं. उन्हात त्यांना काहीच दिसत नव्हतं; मी उठून गेले, हे त्यांना कळलंच नव्हतं. त्यांचं बोट, मी जिथून उठले होते त्या चाकाजवळच्या रिकाम्या जागेकडे होतं. भंगारवाल्याने त्या बोटाकडे पाहिलं, मग जीपपलीकडे उभ्या असलेल्या माझ्याकडे. मी पायातल्या चपला तिथेच काढल्या, आवाज न करता जीपला वळसा घातला आणि त्यांच्या बोटासमोर जाऊन उभी राहिले.